स्वस्त संवेदकांचे जाळे आणि शहराच्या कार्बन-उत्सर्जनाची साक्ष : एक चिकित्सा

प्रास्ताविक

कार्बन उत्सर्जन अमुक वर्षापर्यंत निव्वळ शून्यावर आणू, असे संकल्प जाहीर करण्याचा प्रघात गेल्या दोन दशकांत जगभरातील शहरांत रुजला आहे. झुरिचच्या नागरिकांनी २०२२ मध्ये मतदानाने २०४० हे वर्ष निश्चित केले. मुंबईच्या हवामान कृती आराखड्याने त्याच वर्षी २०५० हे लक्ष्य ठेवले. संकल्पांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पडताळणीचा. उत्सर्जनाचा ताळेबंद बहुतेक ठिकाणी शहरे स्वतःच मांडतात. विकले गेलेले इंधन, विजेचा वापर, वाहनांची संख्या आणि त्यांची सरासरी धाव यांना ठरावीक गुणकांनी गुणून तो तयार होतो. केविन गर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील ४८ शहरांचे असे ताळेबंद स्वतंत्र अंदाजांशी ताडून पाहिले, तेव्हा शहरांनी आपले उत्सर्जन सरासरी १८.३ टक्क्यांनी कमी दाखविल्याचे आढळले. काही शहरांनी ते प्रत्यक्षाहून जास्तही दाखविले होते. म्हणजे हा प्रकार लबाडीपेक्षा हिशेबाच्या ढिलाईचा अधिक आहे. तरीही परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासावी ही व्यवस्था शास्त्राला मानवणारी नाही.

या व्यवहारात त्रयस्थ साक्षीदार एकच असू शकतो, आणि तो म्हणजे शहरावरची हवा. जे उत्सर्जित झाले ते हवेत मिसळलेच पाहिजे, आणि हवेत मिसळले ते मोजता आले पाहिजे. मात्र हे मोजण्याची उच्च प्रतीची यंत्रे अतिशय महाग असल्याने एका शहरात ती मोजकीच बसविता येतात. त्याऐवजी परवडणाऱ्या किमतीच्या संवेदकांचे, म्हणजे रूढ भाषेत सेन्सरचे, दाट जाळे शहरभर पसरावे असा विचार गेल्या दशकात पुढे आला आणि अमेरिका, स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन या देशांत त्याचे प्रयोगही झाले. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे जाळे सर्वांत दीर्घकाळ चाललेल्यांपैकी आणि सर्वाधिक अभ्यासिले गेलेल्यांपैकी आहे. या पद्धतीचा दावा दुहेरी आहे : ती स्वस्त आहे आणि ती शहराचे खरे उत्सर्जन सांगते. प्रस्तुत लेखात या दोन्ही दाव्यांची चिकित्सा केली आहे. बर्कलीचे यश निर्विवाद असले, तरी ते स्वस्ताईचे यश नाही; ते चिकाटीने केलेल्या दुरुस्त्यांचे आणि अनुकूल भूगोलाचे यश आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

वायू मोजणे आणि उत्सर्जन मोजणे

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये अखंड मापन सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. शास्त्रीय परिभाषेत हे प्रमाण ३१५ पीपीएम असे लिहितात. २०२४ ची तेथील वार्षिक सरासरी ४२४ पीपीएमच्या वर गेली. कीलिंग यांनी ही जागा निवडली ती शहरांपासून, कारखान्यांपासून आणि अरण्यांपासून दूर राहण्यासाठीच. शहरात मापन करणाऱ्याला नेमके उलटे करावयाचे असते. ज्या गोंगाटापासून कीलिंग दूर गेले, त्या गोंगाटातच त्याला अर्थ शोधावा लागतो.

अडचण अशी की, शहराने स्वतः घातलेली भर ही मूळ पातळीच्या तुलनेत फार थोडी असते. चारशेवीस-पंचवीस पीपीएमच्या पार्श्वभूमीवर शहराच्या दुपारच्या हवेत पाच, दहा, फार तर वीस पीपीएम अधिक. शिवाय ही भर केवळ उत्सर्जनावर ठरत नाही. पहाटे जमिनीलगतचा हवेचा थर दोनतीनशे मीटर उंचीचा असतो. दुपारी ऊन तापले की तोच हजार-दीड हजार मीटरपर्यंत वाढतो. तेवढीच वाहने, तेवढाच धूर, पण तो मिसळायला मिळणारी जागा पाचपट. सकाळी नऊला वाढलेला आकडा पाहून वाहतुकीला दोष देणे हे म्हणूनच अर्धवट उत्तर असते. त्यात झाडे दिवसा हा वायू शोषून घेतात आणि रात्री माती व मुळांसह तो परत सोडतात. आकड्यापासून उत्सर्जनापर्यंत पोहोचायचे तर वारा कोठून आला, थर किती उंच होता, हिरवाईने काय केले, हे सारे गणकयंत्रावरील प्रतिमानात घालून उलट दिशेने हिशेब करावा लागतो. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात २०१० पासून बाराएक मनोऱ्यांवर उच्च प्रतीची यंत्रे बसवून असा हिशेब केला गेला. सपाट प्रदेशातील, इतर शहरांपासून सुटे असलेले हे शहर मुद्दाम निवडलेले होते. तरीही तेथे हवेवरून काढलेला आकडा आणि ताळेबंदाचा आकडा सुरुवातीस जुळेनात. हिरवाई आणि मातीच्या श्वसनाचा विचार नीट केल्यावरच ते एकमेकांच्या जवळ आले. उत्तम यंत्रे, सोपे शहर, आणि तरीही ही अवस्था, हे ध्यानात ठेवून पुढचा विचार करावयास हवा.

बर्कलीचा प्रयोग

बर्कली विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक रॉनल्ड कोहेन यांच्या गटाने २०१२ मध्ये ओकलंड शहरात आपले जाळे विणायला सुरुवात केली. संक्षेपाने त्याला 'बीकन' म्हणतात. साधारण दोन-दोन किलोमीटर अंतरावर एकेक पेटी, आणि पेट्यांच्या जागा मुख्यतः शाळांची व संग्रहालयांची छपरे. पेटीत कार्बन डायऑक्साइडचा संवेदक, सोबत कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, ओझोन आणि धूलिकण यांचे संवेदक. आरंभी अठ्ठावीसच्या आसपास असलेली ही ठिकाणे पुढे वाढत जाऊन खाडीपरिसरात ऐंशीच्या घरात पोहोचली. लॉस एंजेलिस आणि ग्लासगो येथेही तशाच पेट्या गेल्या.

इंडियानापोलिसच्या मनोऱ्यांची रचना आणि बीकनची रचना यांत दृष्टिकोनाचाच भेद आहे. उंच मनोरा संपूर्ण शहराचा मिसळलेला श्वास ऐकतो. छपरावरची पेटी आपल्या मोहल्ल्याचा. द्रुतगती मार्गाजवळची पेटी आणि टेकडीवरची पेटी यांचे आकडे वेगळे येतात, आणि त्या वेगळेपणातच माहिती असते. २०१६ मध्ये अलेक्झांडर टर्नर आणि सहकाऱ्यांनी या देवघेवीचे गणित मांडले. ठिकाणांची संख्या वाढविण्याचा लाभ मोठा आहे. परंतु संवेदक फारच ढोबळ असेल तर ठिकाणे वाढवूनही काही हाती लागत नाही, आणि ठिकाणे फारच थोडी असतील तर यंत्र कितीही नेमके असले तरी तेच. संख्या आणि नेमकेपणा या दोन्ही मर्यादा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, हा त्या अभ्यासाचा व्यवहारातील अर्थ. पुढे ज्यांनी बीकनचा दाखला देऊन 'नेमकेपणाची उणीव संख्येने भरून निघते' असे सांगितले, त्यांनी या निष्कर्षाचा अर्धाच भाग उचलला असे म्हणावे लागते.

'स्वस्त' या शब्दाची परीक्षा

या संवेदकांचे तत्त्व सोपे आहे. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांचे शोषण करतात. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला शोधक, मध्ये हवा. किरण जितका मंद होईल तितका वायू अधिक. पण यंत्राला दिसतात ते वाटेतले रेणू. हवेच्या एकूण रेणूंपैकी त्यांचे प्रमाण त्याला दिसत नाही. त्यामुळे वायूचे प्रमाण मुळीच न बदलता हवेचा दाब एक टक्क्याने वाढला तरी आकडा एक टक्क्याने, म्हणजे सुमारे चार पीपीएमने, वाढतो. तापमान तीन अंशांनी चढले की हवा विरळ होऊन तेवढाच उतरतो. जी भर मोजायची ती पाच-दहा पीपीएमची, आणि सकाळ-दुपारच्या तापमानातील फरकच तिला गिळून टाकण्यास पुरेसा. दाब, तापमान आणि आर्द्रता यांची स्वतंत्र नोंद घेऊन दुरुस्ती केल्याशिवाय या यंत्राचा आकडा वाचण्यात अर्थ नसतो.

ही दुरुस्ती करता येते. न दिसणारी अडचण आहे ती कालांतराने होणाऱ्या विचलनाची. दिवा मंदावतो, आरशावर धूळ बसते, आणि महिन्यागणिक आकडा कुठल्यातरी एका दिशेने सरकत जातो. येथे संख्येचा आधार घेणारे संख्याशास्त्राचा एक नियम पुढे करतात : चौसष्ट यंत्रांची सरासरी घेतली की चूक आठपट कमी होते. नियम खरा आहे, पण तो प्रत्येक यंत्राची चूक दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तरच लागू पडतो. एकाच कारखान्यातून आलेले, एकाच उन्हात तापणारे, एकाच पावसात भिजणारे चौसष्ट संवेदक एकाच दिशेने चुकत असतील, तर सरासरीने चूक तसूभरही कमी होत नाही. उलट चौसष्टांचे एकमत पाहून वाचणाऱ्याचा विश्वास मात्र वाढतो. स्वस्त जाळ्यांवरील लेखनात हा भेद वारंवार पुसट होतो, आणि चिकित्सकाने बोट ठेवावे असे हेच स्थळ आहे.

स्वित्झर्लंडमधील 'कार्बोसेन्स' या प्रकल्पाने या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे जाण्याचे उदाहरण घालून दिले आहे. एम्पा या संशोधनसंस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७ पासून देशभर सुमारे तीनशे ठिकाणी अत्यंत कमी किमतीचे, बॅटरीवर चालणारे संवेदक बसविले. त्यांची माहिती कमी शक्तीच्या बिनतारी जाळ्यातून येत असे. प्रत्येक संवेदक आधी तापमान व दाब बदलता येणाऱ्या कक्षात ठेवून तपासला गेला, मग उच्च प्रतीच्या यंत्राशेजारी ठेवून पुन्हा तपासला गेला, आणि बसविल्यानंतरही जोराचा वारा सुटून सगळीकडची हवा एकजीव होई त्या वेळा गाठून त्याचे विचलन दुरुस्त केले गेले. एवढा खटाटोप करून २०२० च्या शोधनिबंधात जी अचूकता नोंदविली गेली ती होती ८ ते १२ पीपीएम. म्हणजे चूक आणि मोजावयाची गोष्ट यांचे आकारमान जवळपास सारखे. रहदारीच्या रस्त्यालगतचे मोठे चढउतार अशा संवेदकाला दिसतात. प्रदेशाप्रदेशातील सूक्ष्म फरक दिसत नाहीत, हे प्रकल्पकर्त्यांनी स्वतःच सांगितले. अपयशाचा इतका स्वच्छ हिशेब देणारे निबंध विरळाच, आणि म्हणून या विषयातील कितीतरी यशोगाथांपेक्षा हा निबंध अधिक उपयोगी आहे. झुरिचमध्ये नंतर उभारलेल्या जाळ्यात काही ठिकाणी मधल्या किमतीचे संवेदक घेऊन त्यांच्याजवळ प्रमाणित वायूची नळकांडी ठेवण्यात आली, जेणेकरून यंत्राने ठरावीक वेळाने स्वतःची परीक्षा द्यावी. अचूकता सुधारली, त्याबरोबर नळकांडी भरणे, वाहणे आणि बदलणे हे कामही आले.

येथे 'स्वस्त' या शब्दाचा पोकळपणा उघड होतो. शंभर डॉलरच्या आसपास मिळणारा सुटा संवेदक, काही हजार डॉलरचा बर्कलीचा संवेदक आणि त्याच्या कित्येक पट किमतीचे प्रयोगशाळेतील यंत्र यांची तुलना केवळ खरेदीच्या पावतीवरून केली जाते. संदर्भयंत्र, अंशशोधन, छपरांवर चढणारा तंत्रज्ञ आणि प्रतिमान चालविणारा संशोधक यांचा खर्च पावतीत दिसत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण या तंत्राला जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कशाला बसत असेल. मसाला वगळून केलेली कोंबडी मात्र बाजारात सर्रास विकली जाते. २०२० नंतर वर्गखोल्या आणि कार्यालये यांतील वायुवीजन तपासण्यासाठी जे संवेदक मोठ्या प्रमाणावर खपले, त्यांतील अनेकांत स्वयंचलित दुरुस्तीची सोय असते. गेल्या आठवडाभरातील सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा असे गृहीत धरून यंत्र त्या आकड्याला ४०० पीपीएम मानते आणि स्वतःला जुळवून घेते. बंद खोलीसाठी हे चालून जाते. परंतु स्वच्छ हवाच जेथे ४२० च्या पुढे गेली आहे, तेथे हे यंत्र वातावरणातील वाढ दर आठवड्याला पुसून टाकत राहते. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा तीच गृहीत धरून बसलेला साक्षीदार न्यायालयात चालत नाही.

बर्कलीची पद्धत याहून पुष्कळच सावध आहे, पण ती या दोषापासून पूर्णतः मुक्त आहे असे म्हणता येत नाही. तेथेही एकेका पेटीचे विचलन दुरुस्त करताना तिने नोंदविलेल्या नीचतम पातळ्यांची सांगड उच्च प्रतीच्या संदर्भयंत्राशी घातली जाते. कल्पित ४०० ऐवजी येथे प्रत्यक्ष मोजलेला आकडा आहे, हा भेद महत्त्वाचा. तरी 'केव्हा ना केव्हा प्रत्येक पेटीपर्यंत शहराबाहेरची स्वच्छ हवा पोहोचतेच' हे गृहीतक उरतेच. जी पेटी महामार्गाला इतकी चिकटलेली आहे की तिला स्वच्छ हवा क्वचितच लाभते, तिचा आकडा या पद्धतीत काहीसा खाली ओढला जाण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या वस्तीची तक्रार सर्वांत मोठी, तिचीच नोंद सौम्य होण्याचा. २०२१ मध्ये याच गटाने तापमानाच्या परिणामाची दुरुस्ती प्रत्यक्ष क्षेत्रातील नोंदींवरून सुधारली आणि जाळ्याची अचूकता १.६ पीपीएम किंवा त्याहून चांगली असल्याचे दाखविले. जाळे सुरू झाल्यावर नऊ वर्षांनी हा टप्पा गाठला गेला. ही नऊ वर्षे संवेदकाच्या किमतीत धरायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

यशाचा पाया

एवढे सारे ध्यानात घेऊनही बर्कलीच्या जाळ्याने जे दाखविले ते मोलाचे आहे. मार्च २०२० मध्ये खाडीपरिसरात घराबाहेर पडण्यावर निर्बंध आले. निर्बंधांपूर्वीचे आणि नंतरचे सहा-सहा आठवडे ताडून टर्नर व सहकाऱ्यांनी मानवनिर्मित उत्सर्जनात सुमारे ३० टक्के घट नोंदविली आणि तिचे मुख्य कारण रस्त्यावरील वाहतुकीच्या उत्सर्जनातील ४८ टक्के घट हे होते असे दाखविले. वार्षिक ताळेबंदाला अशी घटना दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि तेव्हाही ती एका आकड्यात विरघळून जाते. २०२४ मध्ये नाओमी असिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत उत्सर्जन दरवर्षी १.८ टक्के, तीन दशांश कमी-अधिक, या वेगाने घटल्याचे मांडले. वाहनांच्या उत्सर्जनदरातील घट २.६ टक्क्यांची. विजेवर व संकरित इंधनावर चालणाऱ्या गाड्यांचा परिणाम थेट हवेत दिसू लागला, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. हा वेग कॅलिफोर्नियाने स्वतःसाठी ठरविलेल्या उद्दिष्टाच्या मानाने साधारण निम्माच आहे, ही त्याच अभ्यासातील दुसरी बाजू. वृत्तपत्रांना पहिलीच अधिक भावली. या पाच वर्षांच्या ऐन मध्यभागी महासाथ येते हे लक्षात घेता, हा कल आणखी काही वर्षे तसाच टिकतो का हे पाहणे आवश्यक आहे.

परंतु चिकित्सेचा खरा विषय वेगळा आहे. हे यश कोणत्या परिस्थितीत मिळाले? खाडीपरिसरावर वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून, प्रशांत महासागरावरून येतो. शेकडो मैल पाण्यावरून आलेली ही हवा पार्श्वभूमी म्हणून जवळजवळ आयती मिळते. वजाबाकी कशातून करायची हा प्रश्न निसर्गानेच सोपा केला आहे. हवामान सौम्य, वर्षभरात आर्द्रतेचा फरक बेताचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथील स्थानिक उत्सर्जनात मोटारगाडीचे वर्चस्व आहे. कॅलिफोर्नियात वाहतुकीचे उत्सर्जन दरडोई वर्षाला सुमारे चार टन पडते. पेट्या रस्त्यांच्या जाळ्यात बसलेल्या आणि उत्सर्जनही रस्त्यावरच. प्रश्न आणि साधन यांची अशी जुळणी प्रत्येक शहराच्या वाट्याला येत नाही. बीकनविषयक निबंधांत या जुळणीची नोंद आहे. इतरत्र त्याचे अनुकरण सुचविणाऱ्या लेखनात ती बहुधा गळून पडते.

मुंबईचा ताळेबंद आणि मुंबईची हवा

मुंबईच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्याने २०१९ हे आधारवर्ष धरून शहराचे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन इतके काढले. त्यातील सुमारे ७२ टक्के वाटा इमारती व उद्योगांतील ऊर्जावापराचा, २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा. ऊर्जावापरातील मोठा भाग विजेचा आहे. पण मुंबईत दिवा लागतो तेव्हा धूर मुंबईतच निघतो असे नाही. ट्रॉम्बेच्या केंद्राची धुराडी शहरात आहेत, डहाणूची शंभरावर किलोमीटर दूर, आणि राज्याच्या जाळ्यातून येणाऱ्या विजेची तर विदर्भापर्यंत विखुरलेली. छपरावरील संवेदकाला ट्रॉम्बे दिसेल. बाकीचे दिसणार नाही. शहराने आपल्या नावावर लिहिलेल्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा हिस्सा शहराच्या हवेत नसतोच. तेव्हा मुंबईच्या छपरांवर उद्या शंभर पेट्या बसल्या, तरी आराखड्यातील मुख्य आकड्याची पडताळणी त्यांच्याकडून होणार नाही. हा यंत्राचा दोष नाही. ताळेबंद ज्या तत्त्वावर मांडला आणि हवा ज्या तत्त्वावर वाहते, ती तत्त्वे भिन्न आहेत.

उरलेल्या भागाचे काय? येथे एक साधा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. प्रौढ माणूस दिवसाला ९०० ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. मुलांचे प्रमाण थोडे कमी धरले तरी वर्षाकाठी हा आकडा चाळीस लाख टनांच्या आसपास जातो. वाहतुकीचा वाटा २० टक्के, म्हणजे सुमारे ४७ लाख टन. याचा अर्थ मुंबईच्या हवेत सर्व वाहने मिळून जेवढी भर घालतात, जवळपास तेवढीच मुंबईकर नुसते श्वास घेऊन घालतात. हा श्वास हवामानबदलाला कारण नाही. धान्याने शेतात जो वायू शोषला तोच तो परत करतो, आणि म्हणून ताळेबंदात त्याला स्थान नसते ते योग्यच आहे. पण संवेदकाला पेट्रोलचा रेणू आणि उच्छ्वासाचा रेणू सारखाच. कॅलिफोर्नियात दरडोई चार टनांसमोर श्वसनाचा तृतीयांश टन नगण्य ठरतो. मुंबईत दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत. बर्कलीचे प्रतिमान जसेच्या तसे उचलून येथे लावले तर मुंबईकरांचा श्वास मोटारींच्या खात्यात जमा होईल.

त्यात पावसाळा. जुलैतील मुंबईच्या हवेत पाण्याची वाफ तीन टक्क्यांहून अधिक असते, जानेवारीत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. वाफेने जेवढी जागा व्यापली तेवढे इतर वायूंचे प्रमाण घटते. ४२४ पीपीएमवर तीन टक्के म्हणजे जवळजवळ तेरा पीपीएम. हवेचा दाबही पावसाळ्यात हिवाळ्यापेक्षा आठ-दहा हेक्टोपास्कलने उतरलेला असतो, म्हणजे आणखी तीन-चार पीपीएम. या दोन्ही दुरुस्त्या न करता जुलै आणि जानेवारी यांची तुलना करणाऱ्याला पावसाळ्यात मुंबईने उत्सर्जन घटविल्याचा साक्षात्कार होईल. हिवाळ्यात दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वाहणारे वारे शहराचीच हवा समुद्रावर नेऊन पुन्हा शहरात आणतात. स्वच्छ पार्श्वभूमी कोणती हे मग ठरवायचे कसे? शिवाय शंभर चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान शहराच्या कुशीत. पावसाळा संपता संपता ते ज्या वेगाने वायू शोषत असेल, त्याचा वेगळा हिशेब लागेल.

पार्श्वभूमीच्या प्रश्नावर या किनाऱ्याजवळ काही काम झालेले आहे. गोव्यात काब द रामा येथे १९९३ ते २००२ या काळात काचेच्या कुप्यांत हवेचे नमुने घेऊन ते ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत तपासले गेले. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी सागरी हवा आणि हिवाळ्यात ईशान्येकडून उतरणारी भूखंडावरची हवा यांतील भेद त्या नोंदींत स्पष्ट दिसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असे नमुने घेतले. मोजक्या कुप्या आणि प्रत्येक कुपीमागे नेमके मापन असे हे काम दाट जाळ्याच्या अगदी उलट टोकाचे आहे. जाळे उभारायचे तर पहिला आधार मात्र अशाच नोंदींचा घ्यावा लागेल. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड नाही. रस्त्यावरच्या पातळीला तो आरोग्यास अपायकारक नसल्याने हे समजण्यासारखे आहे. परिणाम असा की, वायुगुणवत्तेसाठी उभारलेल्या केंद्रांना त्याच्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

मग मुंबईसारख्या शहरात या जाळ्याला काम कोणते द्यावे? एकूण उत्सर्जनाचा आकडा त्याच्याकडे मागू नये. फरक मागावा. एखाद्या मार्गावर मेट्रो सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा, बेस्टच्या बसगाड्या विजेवर येण्याआधीचा आणि नंतरचा, रविवारचा आणि सोमवारचा. विचलन हळू असते, त्यामुळे जवळजवळच्या दिवसांच्या तुलनेत ते बव्हंशी वजा होते. राहत्या लोकांचा श्वासही रविवारी तेवढाच आणि सोमवारी तेवढाच. बर्कलीच्या २०२० च्या निबंधाचे बळही एकूण आकड्यात नव्हते, अशा फरकातच होते. तरी ही वजाबाकी सर्वत्र सारखी सुटत नाही. सोमवारी सकाळी विरार, कल्याण आणि पनवेलकडून लोकलने येणारे लाखो प्रवासी आपला श्वासही बरोबर घेऊन चर्चगेट आणि फोर्टच्या परिसरात उतरतात. तेथील छपरावर नोंदलेल्या वाढीतून तो वेगळा काढायचा, तर त्याच पेटीत कार्बन मोनॉक्साइडची नोंद हवी, कारण उच्छ्वासात तो नगण्य असतो आणि गाड्यांच्या धुरात असतो. त्या दोन वायूंचे प्रमाण मात्र कॅलिफोर्नियाच्या पेट्रोलगाड्यांवरून उचलता येणार नाही. सीएनजीवरच्या रिक्षा-टॅक्सी, डिझेलचे ट्रक आणि रस्त्याकडेला पेटविलेला कचरा यांच्या मिश्रणावरून ते मुंबईतच, ऋतूगणिक, नव्याने ठरवावे लागेल.